फादर हेन्री हेरास, येशूसंघीय : जुन्या वस्तूंचे एक राखणदार

गतवर्षी आमच्या धर्मग्रामातील काही तरुण व वडीलधारी मंडळी बरोबर घेऊन आम्ही येडशीहून बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेने रेल्वेने मुंबईस गेलो होतो. राजधानीत जाऊन समुद्र व राणीचा बाग पाहावा असा तरुणांचा आग्रह होता, आणि तो आम्ही पुरविलाही. परंतु एक अख्खी दुपार आम्ही धोबीतलावाजवळील सेंट झेवियर्स कॉलेजात घालविली. तेथील हेरास संस्थेच्या संग्रहात जुनी नाणी, पाषाणमूर्ती, हस्तिदंती व लाकडी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे जतन करून ठेविली आहेत. प्रथम कंटाळलेली मंडळी हळूहळू पुढे सरसावून पाहू लागली, आणि हे सर्व कोणी जमविले असा प्रश्न एकीने केला. तेथे उभ्याउभ्या आम्हांस पुरतेपणी उत्तर देता आले नाही. ते ह्या महोत्सवी अंकात देत आहोत.

फादर हेन्री हेरास ह्यांचा जन्म स्पेन देशातील बार्सेलोना येथे ११ सप्टेंबर १८८८ रोजी झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला व गुरुदीक्षेनंतर १९२२ साली ते मुंबईस आले. त्यांच्या आगमनाची एक हकीकत झेवियर्समध्ये अद्याप सांगतात. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी विचारताच त्यांनी हिंदुस्थानचा असे उत्तर दिले. त्याविषयी आपणांस काय ठाऊक आहे, असे पुढे विचारले असता, काहीच नाही, परंतु शिकून घेईन, असे ते म्हणाले. चौतिसाव्या वर्षी, परक्या देशात, अशी कबुली देण्यास मनाचा मोठेपणा लागतो. आम्ही स्वतः सेमिनरीतून बाहेर पडलो तेव्हा आम्हांस सर्व काही ठाऊक होते!

शिकून घेईन हा शब्द त्यांनी खरा केला. १९२६ साली त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापिली. हीच पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्याच वर्षी विजयनगरच्या अरविडु राजवंशावरील त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर आला. १५६५ साली दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र होऊन विजयनगरचा पाडाव केला, हे आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलासही माहीत असते, कारण आमचा नळदुर्ग त्यांपैकीच एका, म्हणजे आदिलशाही, सत्तेत होता. परंतु त्या पराभवानंतरही ते राज्य पुष्कळ वर्षे तग धरून होते. ती कथा फादर हेरास ह्यांनी शिलालेख व ताम्रपट ह्यांच्या जोडीला येशूसंघीय मिशनऱ्यांची जुनी पत्रे ठेवून जुळविली. दरबारात गेलेल्या धर्मगुरूंनी आपल्या वरिष्ठांस जे लिहून धाडले, ते तीनशे वर्षांनी इतिहासाचे साधन ठरले. कागद जपून ठेवण्याचे हे फळ होय.

केवळ खोलीत बसून ग्रंथ लिहिणारे ते नव्हते. विद्यार्थ्यांस घेऊन ते प्राचीन स्थळे पाहावयास जात. जेथे मूळ वस्तू पाहावयास मिळेल तेथे तिच्या वर्णनावर समाधान मानावयाचे नाही, असा त्यांचा कटाक्ष असे.

पुढे सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांनी त्यांच्या मनाचा ताबा घेतला. मोहेंजोदडोच्या लिपीची भाषा प्राचीन द्राविडी असावी, असे मानून त्यांनी तिचे वाचन करण्याचा उद्योग अनेक वर्षे केला, आणि १९५३ साली त्यावरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यांचे वाचन विद्वानांनी मान्य केले नाही, हे सांगितले पाहिजे. गौरवग्रंथात अशा गोष्टी झाकण्याची जी चाल आहे ती आम्हांस पसंत नाही. तथापि द्राविडी भाषांत मीन ह्या एकाच उच्चाराचे मासा व तारा असे दोन अर्थ होतात, म्हणून मुद्रेवरील माशाचे चिन्ह ताऱ्याचे वाचक असावे, ही त्यांची कल्पना पुढील संशोधकांनीही विचारात घेतली. लिपीचा उलगडा अद्याप झालेला नाही.

आमच्या लोकांस जी गोष्ट अधिक जवळची वाटेल ती त्यांच्या कलाप्रेमाची. हिंदुस्थानातील ख्रिस्ती कला ही युरोपातील कलेची नक्कलच असावी, हे त्यांस मान्य नव्हते. अकबराच्या दरबारात १५८० साली येशूसंघीय धर्मगुरू पोहोचले, आणि मोगल चित्रकारांनी मारियामातेची चित्रे आपल्या पद्धतीने काढली. गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळ येशू मेंढपाळाच्या रूपात कोरला, त्याच्या ध्यानस्थ मुद्रेत पाहणाऱ्यास बुद्धमूर्तीची आठवण होते. असा वारसा घरातच असता बाहेर का धुंडावे, असा त्यांचा विचार होता. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले व मारियामातेस साडी नेसवून रंगवू लागले, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांस दूषणे दिली. ते पुण्यास आश्रमात राहून काम करीत राहिले. अशा कलावंताच्या पाठीशी फादर हेरास उभे राहिले.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. धर्मगुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. आमच्या हाती आलेल्या एका खेड्यातील ख्रिस्तमंदिरात मारियामातेची लाकडी मूर्ती होती. रंग उडालेला, एक हात तुटलेला, चेहरा अगदी कुणबिणीसारखा. नवी, गुलाबी गालांची प्लास्टरची मूर्ती आम्ही मोठ्या हौसेने आणविली व जुनी भंगारवाल्यास देऊन टाकिली. रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक म्हातारी वेदीपाशी घुटमळत राहिली, आणि फादर, आमची आई कोठे गेली, असे तिने विचारले. नवी मूर्ती दाखविताच ती काही न बोलता निघून गेली. हेरास संस्थेत काचेच्या कपाटाआड एक लाकडी मूर्ती पाहिली, तेव्हा त्या म्हातारीचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि बरोबरची मंडळी पुढे गेली तरी आमचा पाय तेथून निघेना.

फादर हेरास १४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच निवर्तले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

परत येताना एका तरुणाने विचारले की, असे काही पाहावयाचे तर मुंबईसच जावयास हवे काय? आम्ही त्यास तेरची आठवण करून दिली. ज्या तगर नगराचा उल्लेख प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात आहे, तेच हे संत गोरोबांचे तेर. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे विद्वान म्हणतात. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे उकरून निघाली. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी जमविलेल्या वस्तूंचे तेथे सरकारी संग्रहालय झाले आहे. पुढील महिन्यात आम्ही सर्वजण तिकडे जाणार आहोत.

तोवर महोत्सवानिमित्त सॅक्रिस्टीशेजारच्या खोलीत आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. स्नानसंस्काराची पहिली नोंदवही, फाटकी गीतपुस्तके, दोन पितळी समया, आणि एका घराण्याने दिलेली आजीची जपमाळ. ज्यांच्या घरी माळ्यावर असे काही पडून असेल त्यांनी ते टाकून देण्यापूर्वी आम्हांस एकदा दाखवावे. खोली दर रविवारी मिस्सानंतर दुपारपर्यंत उघडी असते.