गाडगेबाबा आणि चोखामेळा धर्मशाळा

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दारूच्या व्यसनापायी वडील लवकर गेले. बालपण दापुरे येथे मामाच्या घरी, गुरे राखण्यात व शेतात राबण्यात सरले.

1905 साली आई, पत्नी कुंताबाई व मुले यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. चरित्रकार या त्यागाचे गुणगान करतात. त्याची किंमत मात्र कुंताबाईंनीही मोजली, हे विसरता येत नाही. अंगावर चिंध्या, हाती झाडू, जेवायला फुटक्या गाडग्याचे खापर. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत.

दक्षिण आफ्रिकेतील समाजांत ‘उबुंटू’ नावाचा एक विचार आहे. मनुष्याचे मनुष्यत्व त्याच्या एकट्याचे नसते, ते इतरांच्या सहवासात घडते, असा त्याचा आशय. बाबांच्या कानी तो शब्द कधी पडला नसावा. त्यांनी तो विचार दगडविटांत बांधला.

पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायलाही जागा मिळणे कठीण होते, मग तो वऱ्हाडचा असो वा आपल्या निलंग्याकडचा. विठ्ठलमंदिराचे दार त्याच्यासाठी 1947 मध्ये उघडले. बाबांनी लोकवर्गणीतून बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यापूर्वी कितीतरी वर्षे उभी होती. 1949 मध्ये त्यांनी ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने मुलांच्या अभ्यासासाठी छप्पर दिले. वसतिगृहात वाढलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. बाबांना ओढूनताणून बौद्ध ठरविण्याचेही कारण नाही; ते अखेरपर्यंत गोपाळाचे भजन करीत राहिले.

1954 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली. आजारी माणसासोबत आलेला माणूसही उपाशी असतो, त्यालाही झोप लागते, हे त्यांनी ओळखले होते.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावनजीक प्रवासातच गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांनी कोणालाही शिष्य केले नव्हते आणि लाखोंच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या धर्मशाळांवर घरच्यांचा हक्क ठेवला नव्हता.