पिंग लिहिणारा माणूस : माइक मूस आणि बिघाडाची एक रात्र

नेट बंद पडलं की जाणकार माणूस आधी टर्मिनल उघडतो आणि ‘पिंग’ टाइप करतो. लिनक्स असो की विंडोज, ही कमांड सगळीकडे असते. ती अमेरिकेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये एका रात्रीत लिहिली. नेटवर्कवाल्यांच्या जगात हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या बिघाडासाठी पिंग लिहिलं, तो बिघाड काही पिंगने सापडला नाही, हे फार कमी जण सांगतात. नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरशी झुंजणाऱ्या माणसाला नेमकी हीच गोष्ट कामाची आहे.

मायकेल जॉन मूस यांचा जन्म 16 ऑक्टोबर 1958 चा, आयोवा सिटी गावातला. शिक्षण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झालं. तिथे त्यांनी सोनार आणि रडार यंत्रणांच्या मॉडेलवर बरंच काम केलं होतं. मग मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅबर्डीन इथे अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत ते नोकरीला लागले. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट हे त्या काळचं मोठं नेटवर्क टीसीपी/आयपी या नव्या पद्धतीवर आलं. पद्धत नवी आणि यंत्रं तऱ्हेतऱ्हेची, त्यामुळे बिघाडांना तोटा नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये मूस एका बैठकीसाठी नॉर्वेला गेले होते. तिथे डेव्हिड मिल्स (कॉम्प्युटरची घड्याळं जुळवणारं एनटीपी ज्यांनी बनवलं तेच) बोलता बोलता सांगून गेले की, नेटवर्कवर एक छोटं पाकीट पाठवायचं, समोरच्याने ते तसंच परत करायचं, आणि जाऊन येऊन किती वेळ लागला ते मोजायचं. अशा ‘इको’ची सोय आयसीएमपी नावाच्या नियमांत 1981 पासूनच होती. मूस यांच्या डोक्यात ते राहिलं.

डिसेंबरमध्ये लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. मूस यांनी मिल्स यांची युक्ती आठवून भराभर प्रोग्राम लिहिला. तो कंपाइल झाला, पण चालेना. कारण त्यांच्या युनिक्सच्या कर्नलमध्ये अशी कच्ची आयसीएमपी पाकिटं पाठवायची सोयच नव्हती! वैतागून त्यांनी कर्नलमध्येच हात घातला, ती सोय लिहून काढली आणि उजाडायच्या आत सगळं चालू केलं. तोवर त्यांचे सहकारी चक केनेडी यांनी खराब हार्डवेअर शोधून दुरुस्तही केलं होतं. पहिलं पिंग सुटलं तेव्हा नेटवर्क ठणठणीत होतं.

नाव त्यांनी सोनारच्या आवाजावरून ठेवलं. आपल्याकडे विहिरीत खडा टाकून ‘डुबुक’ ऐकू यायला किती वेळ लागतो यावरून पाण्याचा अंदाज घेतात, तसंच हे. पण खडा फक्त पाणी किती खाली आहे ते सांगतो. मोटार का चालत नाही, ते त्याला विचारून उपयोग नाही. पिंगचंही असंच आहे.

समजा, उजनीच्या काठावर, करमाळा तालुक्यातल्या कुगाव किंवा केत्तूरला एका सेवा केंद्रात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. रात्री अपडेट झालं आणि सकाळी नेट गायब. दारात सातबाऱ्यासाठी, पीकविम्यासाठी माणसं खोळंबलेली. अशा वेळी ‘कार्ड जळालं’ म्हणत सीपीयू गाडीला बांधून करमाळ्याला किंवा टेंभुर्णीला नेला, तर अख्खा दिवस जातो आणि वर नव्या कार्डाचे पैसे.

त्याआधी पाच मिनिटं द्या. पहिलं पिंग बहुतेक जण 127.0.0.1 ला करतात, उत्तर येतं आणि कार्ड चांगलं आहे असं वाटतं. चूक! ते पाकीट कार्डापर्यंत जातच नाही, कर्नलच्या आतल्या आत फिरून येतं. लिनक्सवर आपल्याच आयपी पत्त्याला केलेलं पिंगही असंच आतून परततं. खरी परीक्षा राउटरच्या पत्त्यावर होते. तिथून उत्तर आलं, तर कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही चालू आहेत, बिघाड पुढे आहे. नाही आलं, तर आधी केबल आणि राउटरचे दिवे बघा, चक केनेडींसारखे. आमच्या मते निम्मी कामं इथेच संपतात.

केबल ठीक असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-के’ जोडून चालवा. कार्डाचं नाव दिसतं आणि त्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही. कार्ड यादीतच नसेल, तर हार्डवेअरचा किंवा बायोसमधल्या सेटिंगचा संशय घ्या. कार्ड आहे, पण ड्रायव्हरची ओळ नाही, म्हणजे कार्डाला हाकणारा कुणी नाही. मग ‘सुडो डीमेसेज’चा मजकूर वाचा. वायफाय कार्ड असेल तर फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी तक्रार बहुधा तिथेच मिळते.

रियलटेकच्या कार्डांची एक जुनी कटकट आहे. कर्नलसोबत येणारा आर8169 आणि कंपनीचा आर8168 हे दोन्ही ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात. कंपनीचा वापरायचा असेल तर दुसऱ्याला ब्लॅकलिस्ट करावं लागतं. शिवाय बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस आपोआप करतं, पण ते बसवलेलं नसेल तर अपडेटनंतर नेट जातं. खात्री करायला कॉम्प्युटर सुरू होताना ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडा. त्यावर नेट आलं, म्हणजे दोष कार्डाचा नाही. आणि नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक लिनक्स त्याला लगेच ओळखतं.

मूस यांना पिंगचे किस्से गोळा करायला आवडायचं. त्यांचा आवडता किस्सा एका नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचा. त्याचं नेटवर्क अधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर आवाज काढणाऱ्या प्रोग्रामला जोडलं आणि ऑफिसातल्या स्टिरिओचा आवाज पूर्ण चढवला. दर सेकंदाला ‘पिंग, पिंग’ असा ओरडा सुरू! मग तो इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवत गेला, आणि आवाज थांबला तिथे बिघाड सापडला.

बर्कलीच्या मंडळींनी पिंग आपल्या युनिक्समध्ये घेतलं आणि ते फुकट असल्यामुळे पुढे सगळीकडे पोहोचलं. मूस यांनी टेरी स्लॅटरी यांच्यासोबत टीटीसीपी हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधनही लिहिलं. पण एका रात्रीचं काम आपल्या नावाला एवढं चिकटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ठाऊक असतं तर आणखी एक-दोन दिवस खर्चून त्यात चार सोयी वाढवल्या असत्या, असं ते गमतीने सांगत. त्यांच्या नोकरीतलं मोठं काम खरं तर बीआरएल-कॅड, म्हणजे घन वस्तूंचे आराखडे कॉम्प्युटरवर उभे करणारी प्रणाली. 20 नोव्हेंबर 2000 रोजी मेरीलँडमध्ये महामार्गावरच्या अपघातात ते गेले, तेव्हा 42 वर्षांचे होते. बीआरएल-कॅडचा सोर्स कोड डिसेंबर 2004 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो आजही लिनक्सवर उतरवून घेता येतो.