दान कुणाला द्यावं?

मैत्रिणींनो, घरखर्चातून वर्षाकाठी थोडेच पैसे दानासाठी उरतात. मागणारे मात्र अनेक! अशा वेळी मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या या अण्णांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, कष्ट करून शिकायची. एकदा धान्य संपलं, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या, १९५९ मध्ये अण्णा. संस्था आजही उभी आहे. म्हणून पावती फाडण्याआधी मी दोनच गोष्टी बघते: चालवणाऱ्यानं पदरचं काय घातलंय, आणि घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहतोय ना?