एक्स्प्लेनर : एक पापणी झुकलेली, एक बाहुली लहान, डॉ. हॉर्नर यांनी नेमकं काय ओळखलं?

एका डोळ्याची पापणी किंचित खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान दिसू लागली, तर बिघाड डोळ्यातच असतो का? नेहमीच नाही. हे रुग्णावरून नेमकेपणाने दाखवलं स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रिडरिश हॉर्नर यांनी.

१८३१ मध्ये झुरिकमध्ये जन्मलेले हॉर्नर तिथेच डॉक्टर झाले. बर्लिनमध्ये फॉन ग्रेफे यांच्याकडे त्यांनी नेत्रचिकित्सेचे धडे घेतले. १८६२ मध्ये ते झुरिकमध्ये प्राध्यापक झाले.

१८६९ मध्ये त्यांनी ४० वर्षांच्या एका शेतकरी महिलेची नोंद प्रसिद्ध केली. तिची उजवी पापणी झुकलेली, बाहुली आकसलेली होती. चेहऱ्याची उजवी बाजू लाल आणि गरम, तर डावी थंड होती. हॉर्नर यांनी याचं मूळ सिम्पथेटिक नर्व्हमध्ये शोधलं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत असाच परिणाम आधी दाखवला होता. त्यामुळे काही ठिकाणी या विकाराला दोघांचंही नाव आहे.

या नर्व्हचा मार्ग लांबचा आहे. मेंदूतून संदेश पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत उतरतो, फुफ्फुसाच्या टोकावरून वळतो आणि मानेतल्या धमनीसोबत डोळ्यापर्यंत चढतो. तोच बाहुली मोठी करतो, पापणी वर धरायला मदत करतो. वाटेत फुफ्फुसाच्या टोकाची गाठ असो वा धमनीची फाटलेली भिंत, खूण डोळ्यात दिसते. म्हणूनच हा बदल अचानक झाला, सोबत मान दुखत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावं.

१८८६ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी हॉर्नर यांचं निधन झालं. ‘हॉर्नर सिंड्रोम’ हे नाव आजही डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आहे.