पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ लोणीच्या कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि उसाचे शेतकरी कारखानदार झाले

मोठ्या कंपन्यांत आज साहेबांना शिकवायला कोच ठेवतात. ताळेबंद कसा वाचायचा, निर्णय कधी घ्यायचा, माणसं कशी सांभाळायची हे तो शेजारी बसून शिकवतो. त्याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात आणि त्याची फी तगडी असते.

हेच काम पाऊणशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, लोणीच्या माळावर झालं होतं. शिकणारे होते उसाचे शेतकरी. शिकवणारे होते धनंजयराव गाडगीळ.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. पुढचं शिक्षण केंब्रिजला झालं. भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९२४ साली आलं, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. काही वर्षं सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि तिचे पहिले संचालक झाले गाडगीळ.

आता असा माणूस पुण्यात पुस्तकं लिहीत बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण गाडगीळांच्या संस्थेची माणसं गावोगाव फिरून पाहणी करायची. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी शेतकऱ्याचं नेमकं काय झालं, याचीही पाहणी संस्थेने केली आणि १९४८ साली ती पुस्तकरूपाने आली.

त्यामुळे नगरचं दुखणं त्यांना ठाऊक होतं.

दुखणं असं की, १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, कालव्याला पाणी आलं, ऊस उभा राहिला. पण उसाचा गूळ करायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि बागायतदार कर्जात रुतला. त्याच सुमारास या पट्ट्यात खासगी साखर कारखाने आले. त्यांनी शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःचा ऊस पिकवला. काही ठिकाणी तर शेतकरी आपल्याच रानात मजूर झाला.

१९४५ साली याच भागात दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, असा विचार त्यांनी मांडला.

मांडणं सोपं होतं. पण हे अंगावर घेणार कोण?

ते घेतलं लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. शाळा जेमतेम झालेली, पण १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. विखे पाटील गावोगाव फिरले, शेअर्सचे पैसे गोळा केले. मुंबई सरकारात तेव्हा सहकाराचे मंत्री वैकुंठभाई मेहता होते. सरकारने भागभांडवल दिलं, नव्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९४८ च्या अखेरीस प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

(‘आशियातला पहिला’ म्हणून प्रवरेचं नाव घेतात. आंध्रात एटिकोप्पाकाला सहकारी कारखाना त्याच्याही आधी निघाला होता. पण महाराष्ट्रातला पहिला हाच, आणि राज्यभर ज्याची नक्कल झाली तोही हाच.)

विखे पाटील उपाध्यक्ष झाले आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसले गाडगीळ. कोच शेजारी बसतो, इथे तर कोचच खुर्चीत!

त्याला कारण होतं. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. गाडगीळांचं नाव पाहिलं की बँक आणि सरकार ऐकून घ्यायचे. दुसरं म्हणजे, त्यांचा स्वतःचा ऊस नव्हता. अमुक गावाची तोड आधी का, हा संशय त्यांच्यावर येऊच शकत नव्हता.

खरी परीक्षा संचालक मंडळात होती. सभासद म्हणून शेतकऱ्याला उसाला जास्तीत जास्त भाव हवा असतो. मालक म्हणून त्याच माणसाला कर्जाचा हप्ता, यंत्रांची घसारा, पुढच्या वाढीचा निधी, सगळं पाहावं लागतं. एका माणसाच्या दोन खिशांचं हे भांडण. भाव आज जास्त वाटला तर कारखाना उद्या बुडतो, आणि कमी दिला तर सभासद ऊस गुऱ्हाळाला घालतो. त्यातून मार्ग निघाला तो ठेवींचा. उसाच्या पैशातून टनामागे थोडी रक्कम कापायची आणि सभासदाच्या नावावर ठेव म्हणून जमा करायची. शिवाय शेअर्स कितीही असले तरी मत एकच, त्यामुळे हे सगळं छोट्या शेतकऱ्यालाही पटवावं लागायचं. साखर उतारा, मशागत, तोडणी-वाहतूक, हिशेब, हे सगळं संचालक खुर्चीत बसूनच शिकले. वर्ग नाही, सर्टिफिकेट नाही.

साधारण दहा वर्षांनी गाडगीळ बाजूला झाले आणि विखे पाटील अध्यक्ष झाले. १९६१ साली विखे पाटलांना पद्मश्री मिळाली. तोवर कोपरगाव, राहुरीपासून पार वारणेपर्यंत सहकारी कारखाने उभे राहत होते आणि लोणीला काय केलं हे पाहायला माणसं येत होती. खुर्ची वेळेवर सोडायची, ही लोणीतली एक गोष्ट मात्र पुढच्या कित्येक कारखान्यांनी उचलली नाही. तिथे अध्यक्षपद घरातच फिरत राहिलं.

गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ ला ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा याचं ‘गाडगीळ सूत्र’ स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आजही पाठ असतं. १९७१ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. पुण्याला परतत असताना ३ मे रोजी त्यांचं निधन झालं. विखे पाटील त्यानंतर नऊ वर्षं होते, १९८० पर्यंत.