पंडिता रमाबाई

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान गृहस्थ होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये, हे त्या काळचे लोकमत त्यांनी मानले नाही. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात राहून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. आईच्या तोंडून ऐकून रमाबाईंनी हजारो श्लोक मुखोद्गत केले.

मग दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते विकून संपले. झाडांची पाने व रानफळे खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ च्या सुमारास वडील गेले. पाठोपाठ आई गेली व नंतर वडील बहीणही गेली. उरली रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. ती दोघे अनवाणी देशभर फिरली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे वाळूत खळगे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण सुख अल्पच टिकले. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ साली पतीही निवर्तले. मांडीवर तान्ही मनोरमा तेवढी राहिली.

वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिल्यामुळे तो बेत फसला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यातील पुष्कळांस याचे वाईट वाटले. तथापि दीक्षा घेतली म्हणजे शांती लागलीच पदरात पडते, असे थोडेच आहे? नवा धर्म बुद्धीस पटला होता. मन मात्र अस्वस्थच होते. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढून त्या विधवांस शिकवू लागल्या, तरीही ती तळमळ गेली नाही. सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले, की आपण धर्म धरला, पण ख्रिस्ताच्या हाती स्वतःस सोपविले नाही. तसे सोपविल्यावर त्यांचे चित्त स्थिर झाले.

या स्थैर्याची कसोटी लौकरच लागली. सदन तोवर पुण्यास आले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. आपल्या मुलींच्या धर्माविषयी पालकांस चिंता वाटणे स्वाभाविकच होते. अनेकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी सदन बंद केले नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. भुकेचे दुःख रमाबाईंस कोणी सांगावयास नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या व शेकडो अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर वस्ती झाली. तेच पुढे ‘मुक्तिसदन’ झाले. तेथे विणकाम, शेती, छपाई चाले. अंध मुली बोटांनी वाचावयास शिकत. १९०० साली गुजरातेतील दुष्काळपीडितही तेथे आल्या.

उतारवयात बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर आरंभिले. ते छापण्याचे कामही सदनातील स्त्रियाच करीत. १९२१ साली मनोरमा वारली. सदनाचा भार जिच्यावर सोपवावयाचा, तीच आईच्या आधी गेली. तोवर बाईंची श्रवणशक्ती क्षीण झाली होती, शरीर थकले होते. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. छापखान्यातून आलेली मुद्रिते त्या तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.