सुरतेच्या पेठेतील फिरंगी जवाहिऱ्या

सुरतेचे नाव निघाले की मराठी घरांत शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्यांची आठवण होते. त्याच बंदरात १६४० च्या सुमारास झाँ बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या प्रथम आला. तो १६०५ साली पॅरिसमध्ये नकाशे विकणाऱ्याच्या घरी जन्मला, आणि ते नकाशे पाहतच त्याला प्रवासाचे वेड लागले. पूर्वेकडे त्याने सहा सफरी केल्या. त्यांपैकी पाच हिंदुस्थानापर्यंत पोहोचल्या.

सुरतेहून तो कधी आग्र्याकडे, तर कधी गोवळकोंड्याच्या खाणींकडे जाई. खाणीवरचा सौदा मुक्यानेच होई. शेल्याखाली हातात हात घालून संपूर्ण हात धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर आणि बोटाचा शेंडा धरला तर दहा, असा संकेत असे. लाल महालात बोटे गमावून बसलेला शाहिस्तेखान हाही त्याचे गिऱ्हाईक होता. १६६६ च्या जानेवारीत तो त्याच्या भेटीला ढाक्यापर्यंत गेला.

आपल्याकडील कारागीर खड्याचे वजन जपत. निर्दोष खडा ते नुसता घासून नितळ करीत. डाग असला तर तो बारीक पैलूंखाली झाकीत. असा चपटा खडा कुंदनात बसे, त्याखाली चकाकता वर्ख असे, आणि दागिन्याच्या पाठीवर लाल-हिरव्या मिन्याची वेलबुट्टी फुले. ती सुंदर बाजू अंगाला लागून राही. ती ठाऊक असे घालणारीला आणि घडविणाऱ्याला. युरोपातील कारागिराला मात्र वजन गेले तरी चालेल, पण खड्यातून प्रकाश खेळला पाहिजे, असे वाटे.

१६६५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या दरबारी ताव्हर्नियेने जो मोठा हिरा हातात घेऊन पाहिला, तो एका व्हेनिसकराने घासला होता. त्यात वजन फार घटले, म्हणून मजुरी मिळण्याऐवजी त्यालाच दहा हजार रुपये दंड झाला. या हकीकतीत नाव उरले ते या दंड भरणाऱ्या बोर्जियोचे. ज्यांच्या हातांनी दरबारचे जडावकाम शोभिवंत केले, त्यांची नावे मात्र त्यात नाहीत.

स्वदेशी परतल्यावर त्याने चौदाव्या लुईला ११२ कॅरटांचा निळा हिरा विकला. १६७३ साली फ्रेंच कारागिरांनी त्याला नवे पैलू पाडले, तेव्हा तो ६७ कॅरटांवर आला. बोर्जियोला ज्यासाठी दंड झाला, तेच पॅरिसमध्ये कौतुकाचे ठरले!

ताव्हर्नियेला सरदारकी मिळाली, १६७६ साली त्याचा प्रवासग्रंथ निघाला. पण पुढे पुतण्याच्या हाती दिलेला व्यापार बुडाला आणि विकत घेतलेली जहागीरही १६८५ साली विकावी लागली. ऐंशी उलटल्यावरही तो पुन्हा पूर्वेच्या वाटेला लागला आणि १६८९ साली मॉस्कोत वारला. तो निळा हिरा १७९२ साली चोरीस गेला. पुन्हा कापला जाऊन 'होप' नावाने उरलेला त्याचा भाग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्या आजीच्या पेटीतला एखादा जडावाचा दागिना हाती आला, तर तो उलटून पाठीकडूनही पाहावा. घडविणाऱ्याची ओळख सांगायला तेवढीच जागा उरली आहे.